टायर बदलले, तरी गाडी घसरतेच: फोर-बाय-फोरच्या टायरांचा परत परत होणारा घोळ

तक्रार ओळखीची आहे. कंपनीने दिलेल्या टायरांवर गाडी एकदा चिखलात रुतते, चारचौघांत शोभा होते, आणि माणूस तडक जाऊन दुकानातले सगळ्यात दांडगे दिसणारे टायर चढवून येतो. चिखल सुटतो खरा. पण डांबरी रस्त्यावर भुंगा मागे लागल्यासारखा आवाज येतो, डिझेल जास्त पितं, आणि पहिल्या पावसात सिग्नलला गाडी थांबायच्या जागी न थांबता वीतभर पुढे जाते. मग पुढचा संच पुन्हा शहाण्यासारखा, गुळगुळीत. मग पुन्हा चिखल.

या चक्रात मी तीन संच जाळलेत. पहिला गाडीसोबत आलेला एच/टी, म्हणजे रस्त्यासाठीचा. दुसरा एम/टी, म्हणजे चिखलाचा. तिसरा ए/टी, म्हणजे दोन्हीकडे चालेल असा, आणि त्यालाही सुरुवातीला मी यथेच्छ शिव्या घातल्या. नंतर कळलं की पहिल्या दोन संचांच्या वेळी मी टायर चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घेत होतो, आणि तिसऱ्याच्या वेळी टायर बरोबर होता, हवा चुकीची होती.

आधी डायरी, मग दुकान

आपण टायर निवडतो तो आठवणीवरून, आणि आठवणीत राहतो तो फजितीचा दिवस. रोजचे शंभर किलोमीटर आठवत नाहीत, कारण त्यात काही घडलेलं नसतं. तिसरा संच घेण्याआधी मी दोन महिने गाडीत एक छोटी वही ठेवली आणि रोज संध्याकाळी मीटर बघून कुठल्या पृष्ठभागावर किती गाडी चालली ते लिहिलं. मला विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, निम्मं तरी कच्च्या रस्त्यावर. वहीत निघालं ते असं: दर शंभरातले ७९ किलोमीटर डांबरी, १७ खडी आणि मुरूम, आणि उरलेले ४ चिखल, वाळू, ओलं गवत वगैरे सगळं मिळून.

या ४ किलोमीटरसाठी मी एम/टी लावून ७९ किलोमीटर घसरत होतो.

वही लिहिताना आणखी एक रकाना ठेवा: जोरात ब्रेक कुठे दाबावा लागला. माझ्याकडे तो जवळजवळ प्रत्येक वेळी डांबरी रस्त्यावर आणि बऱ्याचदा ओल्यात होता. फोर-बाय-फोरबद्दल सगळ्यात महाग पडणारा गैरसमज इथेच आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती गाडी हलवण्यासाठी. ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना लागतो, त्यामुळे थांबताना फोर-बाय-फोरला काडीचाही जास्त फायदा नाही. उलट गाडी जड. थांबवतो तो फक्त टायर. म्हणून माझा हिशेब आता सरळ आहे: टायर घ्यायचा तो जिथे जोरात थांबावं लागतं त्या रस्त्यासाठी, आणि चिखल-वाळूतली उरलेली तूट हवेने भरून काढायची.

नवीन टायर घेण्याआधी जुन्यातली हवा उतरवून बघा

हे न करता टायर बदलू नका, पैसे वाचण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या नेहमीच्या वाटेवर चिकणमातीचा एक छोटा चढ आहे. ३४ पौंड हवेवर गाडी तिथे अर्ध्यात थांबायची, चाकं जागच्या जागी फिरायची आणि नक्षीत माती लिंपली जाऊन टायर मडक्यासारखा गुळगुळीत व्हायचा. एकदा कंटाळून खाली उतरलो, किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबली, आणि मध्येच थांबून गेज लावत लावत चारही चाकं २० वर आणली. पाचेक मिनिटं नुसता फुस्स आवाज. मग तोच टायर, तीच माती, तोच चढ, आणि गाडी कुरकूर न करता वर.

कारण साधं आहे. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त टेकतो, आणि तो रुंदीत थोडा पण लांबीत बराच पसरतो. पाऊल लांबट होतं, रणगाड्याच्या पट्ट्यासारखं. गाडीचं वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं, नक्षीतले जास्त ठोकळे एकाच वेळी पकड घेतात, आणि खडीवर टायर दगडाला टक्कर देण्याऐवजी त्याच्याभोवती वाकतो.

मध्यम वजनाच्या, फार सामान न लादलेल्या गाडीला मी जे आकडे वापरतो ते हे: खडी-मुरुमाला २६ ते २८ पौंड, चिखलाला २० ते २२, भुसभुशीत वाळूला १५ ते १८. १५ च्या खाली मी जात नाही, कारण तिथे जोरात वळवलं की टायरची कड रिमवरून सुटू शकते. गाडी भरलेली असेल तर हे आकडे दोन-चार पौंडांनी वर घ्या. आणि वेग? २० पौंडांवर ताशी तीस-चाळीसच्या वर नाही, वाळूत त्याहून कमी. कमी हवेवर वेगात पळवलं की टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, सतत मुडपते, आतून तापते आणि टायर फुटतो. डांबर लागायच्या आधी हवा पुन्हा भरायचीच. म्हणजे गाडीत स्वतःचा पंप हवा, आणि चांगलं गेज हवं. पंप नसेल तर हवा उतरवण्याचा हा सगळा सल्ला विसरा.

रस्त्यावरची हवा किती, याचं उत्तर दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतं. टायरच्या अंगावर लिहिलेला मोठा आकडा कमाल हवेचा असतो, रोज भरायचा नसतो. ही चूक पंपावर अजूनही रोज होताना दिसते. हवा थंड टायरवर मोजायची. बाहेरचं तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की हवा एक पौंडाने घटते, त्यामुळे ऋतू बदलला की एकदा बघावंच लागतं.

पट्टीवरचा आकडा कंपनीच्या टायरसाठी असतो. वेगळ्या जातीचा टायर लावला तर तुमचा आकडा शोधायची जुनी युक्ती अशी: थंड असताना मोजा, तासभर रस्त्यावर चालवा, लगेच पुन्हा मोजा. चारेक पौंड वाढले तर सुरुवातीचा आकडा योग्य. सहा-आठ वाढले तर टायर जास्त मुडपून तापतोय, म्हणजे हवा कमी होती. दोनच वाढले तर जास्त होती. जाड बगलेच्या एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जास्त भारासाठी घडवलेल्या) टायरला पाच-सहापर्यंतची वाढ चालते. माझ्या तिसऱ्या संचाची चूक इथेच होती. एलटी म्हणजे दणकट, म्हणून मी सवयीने जुनीच ३२ पौंड हवा ठेवली. तासाभरानंतर गेज ४० दाखवत होतं आणि हाताला बगल चटका देत होती. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. किती, ते टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यात मापाप्रमाणे दिलेलं असतं. दुकानदार तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका.

तरीही टायर बदलायचाच असेल तर

जाती तीन, आणि त्यांच्या अधेमधे विकणाऱ्यांनी काढलेल्या आणखी दोन-चार.

एच/टी मध्ये ठोकळे जवळजवळ, मधल्या खाचा अरुंद, म्हणून रस्त्यावर रबर जास्त टेकतं. शांत, हलका, ओल्यात चांगला थांबतो. खडीवरही हवा उतरवली तर पुष्कळ चालतो. वाळूत तर मला तो एम/टीपेक्षा बरा वाटतो, कारण वाळूवर तरंगायचं असतं, खणायचं नसतं. त्याची खरी उणीव दोन ठिकाणी: चिकणमाती, आणि टोकदार दगडांत त्याची पातळ बगल.

एम/टी चे ठोकळे मोठे आणि मधली जागा रुंद. ती जागा माती धरण्यासाठी नाही, फेकण्यासाठी असते. चाक फिरलं की चिखल बाहेर उडतो आणि पुढच्या फेरीला ठोकळा पुन्हा मोकळा. पण त्याच रुंद खाचांमुळे डांबरावर टेकणारं रबर कमी, उंच ठोकळे ब्रेक दाबताना डुलतात, आणि त्यांच्या अंगावर बारीक काप फार थोडे. हे बारीक कापच ओल्या रस्त्यावरची पाण्याचा पातळ थर मोडतात. शिवाय वजन. मोठ्या एम/टीने एका चाकामागे सहज चार-पाच किलो वाढतात, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असल्याने ब्रेक, सस्पेन्शन आणि डिझेल तिघांनाही जाणवतं. वहीत चिखलाचा आकडा पंचवीस-तीसच्या वर असेल, शेतात किंवा खाणीत रोज गाडी न्यावी लागत असेल, तर एम/टी बिनधास्त घ्या. नाहीतर तो हौसेचा भाग आहे, आणि हौसेला माझी ना नाही, फक्त तिला गरज म्हणू नका.

ए/टी हे नाव मात्र फार सैल आहे. एकाच नावाखाली बूट घातलेला एच/टी पण विकतात आणि दाढी केलेला एम/टी पण. म्हणून दुकानात नावाऐवजी टायर बघा. टायर उभा करून खांद्याकडे बघा, जिथे नक्षी संपून बगल सुरू होते. तिथे खाचा उघड्या बाहेर निघत असतील तर चिखल सुटेल, बंद असतील तर तो रस्त्याचाच आहे. मग मधल्या ठोकळ्यांवरचे बारीक काप नखाने उघडून बघा, किती खोल गेलेत. बऱ्याच टायरांत ते निम्म्यातच संपतात. असा टायर नवा असताना ओल्यात उत्तम थांबतो आणि अर्धा झिजला की काप नाहीसे होऊन एकदम बिघडतो. लोक म्हणतात टायर खराब निघाला. तो तसाच घडवलेला होता. तिसरं, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे आहेत का बघा. खाचेत अडकलेला दगड आत रुतत जाऊ नये म्हणून ते असतात, आणि खडीवर चालणाऱ्याला त्यांची किंमत कळते.

थंडीत, बर्फात जायचं असेल तर बगलेवरची खूण नीट वाचा. एम आणि एस ही अक्षरं म्हणजे फक्त नक्षीबद्दल उत्पादकाने केलेला दावा. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असेल तरच तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीतून गेलेला असतो. उन्हाळी रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, मग नक्षी कितीही दांडगी असो. निव्वळ गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर हे चित्रवाले ए/टी सुद्धा पुरे पडत नाहीत. तिथे खरे हिवाळी टायर किंवा साखळ्याच.

माप वाढवण्याचा मोह

समजा गाडीला २६५/६५ आर १७ आहे. रुंदी २६५ मिलिमीटर, बगलेची उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२, रिम १७ इंची. एकूण व्यास साधारण ७७६ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७० लावला तर व्यास ८०३ च्या आसपास, साडेतीन टक्के जास्त. जमिनीपासूनची उंची किती वाढली? त्याच्या निम्मी, जेमतेम १३ मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०३ ने पळत असेल, गिअर उंच झाल्यासारखी गाडी चढाला दमेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायची भीती. १३ मिलिमीटरसाठी हे परवडतं का ते ज्याचं त्याने ठरवावं. मला नाही परवडलं.

मापानंतरचा आकडा भाराचा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०. त्यापुढचं अक्षर वेगमर्यादेचं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. आणि डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: ३५२२ असेल तर तो २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. "नवीन" टायर कधीकधी गोदामात बराच मुरलेला असतो.

आवाज, झीज आणि पंक्चर

आवाज वाढत चाललाय म्हणून टायर बदलणारे खूप. आधी तळहात नक्षीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर प्रत्येक ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजली आहे. उंच ठोकळ्यांच्या टायरांत हे होतंच, पण चाकांची अदलाबदल वेळेवर केली तर काबूत राहतं: ए/टीला दर आठ-दहा हजार किलोमीटरला, एम/टीला पाच हजाराला. माझ्या एम/टीने बारा हजारांत भोंगा धरला होता, कारण मी एकदाही चाकं फिरवली नव्हती. दोष त्याला दिला, होता माझा.

मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त. दोन्ही खांदे झिजले तर कमी. एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट. वाटीसारखे खड्डे पडत गेले असतील तर शॉक अॅब्झॉर्बर तपासा, तिथे नवा टायर लावलात तर त्यालाही वाट्या पडतील.

खडीवर सारखी पंक्चर होत असेल तर निम्म्या वेळा हवा जास्त आणि वेग जास्त. उरलेल्या निम्म्यांत टायर झिजून पातळ झालेला असतो. नक्षीतलं भोक बुजवता येतं, बगलेवरचा काप नाही. कोणी "चालून जाईल" म्हणत बगलेला ठिगळ मारून देत असेल तर तो टायर फार तर हळूहळू घरी पोचण्यापुरता.

झिजेची कायदेशीर खूण बहुतेक ठिकाणी १.६ मिलिमीटर असते, खाचेत आडव्या पट्ट्या दिसायला लागतात ती. ओल्यात पकड मात्र ३ मिलिमीटरच्या आसपासच उतरायला लागते, आणि चिखलासाठी म्हणाल तर टायर निम्मा झिजला की त्याची चिखलातली नोकरी संपली.

दोन नवे, दोन जुने: इथे गिअर तुटतात

साध्या गाडीत पुढचे दोनच बदलले तरी भागतं. फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरांचा व्यास सारखा असावाच लागतो. हिशेब करून बघा. नक्षीत २ मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात ४, परिघात साडेबारा मिलिमीटर. २६५/६५ आर १७ मापाचं चाक किलोमीटरला साधारण ४१० फेऱ्या मारतं, तर झिजलेलं चाक दोन फेऱ्या जास्त मारेल. या दोन फेऱ्या जायच्या कुठे? मध्ये डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) नसलेल्या गाडीत फोर-हायला, म्हणजे चारही चाकं जोडून, टाकलं की त्या शाफ्टमध्ये पीळ भरत जातात. वळताना गाडी उड्या मारते, लिव्हर टू-व्हीलला परत येईना होतो. मातीत चाक थोडं घसरून पीळ सुटतो, कोरड्या डांबरावर सुटत नाही, म्हणून तिथे फोर-हाय वापरायचंच नसतं. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा फरक मधलं डिफरेन्शियल किंवा कपलिंग रात्रंदिवस सोसतं आणि तापून लवकर मरतं. काही कंपन्या फरकाची मर्यादा २ मिलिमीटरपेक्षाही कमी सांगतात, तेव्हा गाडीचं पुस्तक उघडून बघा.

स्टेपनीचंही तेच. चार ए/टी लावून पाचवा जुना एच/टी ठेवला तर पंक्चर झाल्यावर तो मागेच लावा आणि टू-व्हीलमध्ये हळू चालवा. मी आता पाच टायर एकदम घेतो आणि पाचही फिरवतो. खर्च एकदा बोचतो, पण मग पाचवा टायर न वापरता म्हातारा होत नाही.

टायर बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. आणि साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. मी तिसरा संच बसवल्यावर तपासले तेव्हा डाव्या मागच्या चाकाचा एक नट जवळजवळ पाव फेरी फिरला.